फोटॉन शंभर, रेणू एकशेचाळीस

“लिहून घे,” विश्वेश्वर म्हणाला. “काशीत दूधविनायकच्या गल्लीत जन्मलेला, पेशाने भिक्षुक, वृत्तीने गुप्तहेर, ज्याच्या नजरेतून माशी सुटत नाही असा पुरुष सव्वातीनला प्रयोगशाळेत शिरला.”

माझ्या घड्याळात तीन चाळीस झाले होते आणि शिरताना तो दाराच्या काचेवर आपटला होता. दोन्ही मी लिहून घेतलं.

तक्रारदार त्याची मामेबहीण नीरजा. विद्यापीठात पाच वर्षं ती एकाच रसायनावर दिवा धरून बसली आहे.

“दादा, शंभर फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, शोषले गेले की माझे सत्तर रेणू बदलतात. हीच क्वांटम यील्ड. विश्वकर्मापूजेला यंत्रं पुजली, तेव्हापासून एकशेचाळीस येतायत! या रसायनात एका फोटॉनला एकाहून जास्त रेणू बदलणं जमतच नाही. पाचला सरांना बरोबर आकडा दिला नाही तर प्रबंध गेला पुढच्या वर्षावर.”

“चोरटा प्रकाश!” विश्वेश्वरने कुलपाच्या भोकात रुमाल कोंबला. आकडा ढिम्म.

“मग मुन्शी घाटावरून येणारी गंगेची चकाकी.”

घाट पाच किलोमीटरवर आहे, हे मी नोंदवलं.

“प्रकाशाला पाच किलोमीटर म्हणजे काय रे?”

खिडकी झाकायला पडदा नव्हता. माझा शर्ट होता.

आकडा तोच. “तुझे रेणू जुळे आहेत, नीरजा. एक बदलला की दुसऱ्याला राहवत नाही.”

“दादा, अब बस करो.”

चार पस्तीसला त्याने दिव्यासमोरचा प्रकाश मोजणारा मीटर हुंगला. “अष्टगंध! आरोपी धार्मिक आहे. बोट उजव्या हाताचं, अनामिका!”

फरशी पुसणारे श्रीरामजी थांबले. “मैडम, यही तो मीटर की आँख है. आधी टीके से ढकी है. पूजा का टीका, इसीलिए चार दिन से पोंछा नहीं.”

“लगाया किसने?” नीरजाने विचारलं.

“पंडितजी ने.”

आम्ही सगळ्यांनी पंडितजींकडे पाहिलं.

“यंत्राचं कपाळ कुठे असतं, हे मला कुणी सांगितलं होतं?” विश्वेश्वर म्हणाला.

निम्मे फोटॉन मोजलेच जात नव्हते, म्हणून आकडा दुप्पट येत होता. नीरजाने ओला कापूस फिरवून पुन्हा मोजलं. चार बावन्नला आकडा आला सत्तर. कागद घेऊन ती सरांच्या खोलीकडे पळाली.

“लिही. आरोपी पहिल्यापासून माझ्या नजरेसमोर होता.”

लिहिलं. मग कार्य निर्विघ्न पार पडलं म्हणून त्याने पिशवीतून अष्टगंधाची डबी काढली. श्रीरामजींनी झटकन मीटर कपाटात ठेवून कुलूप लावलं.

टिळा माझ्या कपाळी आला.