झेंडा वाढवायचा असतो

आमच्या हसनाबादेत कमलमावशी चालताना खाली कधी बघत नाहीत. त्यापायी दोनदा गटारीत गेल्या आहेत. नजर सदा लोकांच्या गच्च्यांवर. ऑगस्टात हौसेनं लावलेले झेंडे दिवाळीपर्यंत वाऱ्यानं विरतात, कडा लोंबायला लागतात, आणि घरच्यांच्या आधी ते मावशींना दिसतं. मग त्या दार वाजवतात.

"तुमचं वाढवायचं हाय."

विरलेला झेंडा मानानं जाळून टाकायचा असतो, पण झेंड्याच्या बाबतीत जाळणं हा शब्द त्या ऐकून घेत नाहीत. सवाष्णीची बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. तसा झेंडाही वाढवायचा. शेजारच्या नव्या सुनेला हे कुठून ठाऊक असणार? भरदुपारी म्हातारी दारात उभी राहून वाढायचं काहीतरी म्हणतेय, तर तिनं बिचारीनं ताट वाढून आणलं. मावशींनी पिठलं-भाकरी खाल्ली, हात धुतले आणि म्हणाल्या, "हे बराबर झालं. आता वरचा द्या."

मी त्यांचा शेजारी, रिकामटेकडा निवृत्त मास्तर. माझ्याकडे काड्यापेटीचं खातं. मावशींच्या मागच्या अंगणात दाराला कडी लावायची, झेंड्याची नीट घडी घालून घमेल्यात ठेवायची, आणि पेटला की दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. एकदा माझी मान वळली, तर मावशी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. कमालीचा चक्रम कारभार.

मागे ग्रामपंचायतीचा झेंडा विरला. सरपंचांनी चौकात तो वाढवायचा कार्यक्रमच ठेवला. मांडव, खुर्च्या, बँड, मोबाइल वर धरलेली मंडळी. मावशी सरळ टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"असं चारचौघांत करत नसतेत. एकांतात करायचं असतं. नियम हाय तसा."

"मावशी, सन्मानच करून राह्यलो ना. लोकायनी बघाया नको का?"

"लोकायला बघायचंच असतं. त्याला काय वाटतं ते इचारलं का?"

"झेंड्याला काय वाटतंय, मावशी?" मागून कुणीतरी म्हणालं. मांडव हसला.

मावशींनी पदर पसरून टेबलावरचा झेंडा झाकला. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते बघून सरपंचही वरमले आणि त्यांनीच झेंडा उचलून मावशींच्या ओंजळीत दिला. बँडवाले चहा पिऊन गेले.

आम्ही अंगणात आलो. कडी लावली, काडी ओढली, भिंतीकडे तोंड केलं. पाठीला ऊब लागायला लागली.

"मालक गेल्ते तव्हा," मावशी भिंतीशीच बोलल्यागत म्हणाल्या, "मला वट्यावर बसवलं. सारी गल्ली गोळा. दोघीतिघींनी हात धरून दगडावर आपटले. पोरं कंपाउंडावर चढून बघून राह्यली व्हती."



"म्या म्हणलं, आत घ्या मला. दार लावा, मंग काय करायचं ते करा. कुणी आयकलं न्हाई, मास्तर." मग म्हणाल्या, "माझ्या वाढवल्या न्हाईत. फोडल्या."

मला रडू आलं. तोंड भिंतीकडे होतं ते बरं झालं. मागचा चटचट आवाज थांबल्यावर मी विचारलं, "वळू का?"

"थांबा जरा," मावशी म्हणाल्या. "त्याचं होऊ द्या."