बिडाच्या तव्यावरची माती

आमच्या वाडीतले विसूभाई मातीला उघड्या हाताने शिवत नाहीत. हात घाण होतील म्हणून नव्हे, माती घाण होईल म्हणून. खिशात रबरी हातमोजे, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचं एक लहानसं खोरं आणि हातात लांब दांड्याचा थर्मामीटर. भाई तुमच्या दारापुढच्या खळ्यात आले की 'बरा मा?' म्हणायच्या आधी तो थर्मामीटर जमिनीत गेलेला असतो. तुम्ही आत चहा टाकायला सांगून बाहेर येईपर्यंत तुमच्या खळ्याला ताप आहे की नाही हे त्यांना कळलेलं असतं.

भाईंची सगळी नोकरी माती तपासण्यात गेली, तीही दक्षिण ध्रुवाकडची. तिकडे बर्फ असेल, माती कुठली, असं मी एकदा विचारलं आणि माझी सकाळ गेली. बर्फातून मोकळे राहिलेले खडकाळ पट्टे असतात म्हणे. उन्हाळ्यात तिथली वरची वीतभर माती सुटते, खाली सगळी दगडासारखी गोठलेली. तिच्यात ओल किती, मीठ किती, आम्ल किती, कण केवढे, कुठल्या खोलीवर गारवा किती, हे भाई मोजायचे.

"झाड नाय, गांडूळ नाय, शेण नाय," भाई सांगत होते. "आपलो घाम पडलो तरी नमुनो फुकट. पाय ठेवलंस तर तो वर्सानुवर्सां तसोच दिसता. म्हणान पाय सुदीक इचार करून ठेवचो."

इथे मात्र त्यांचा पाय एका जागी ठरत नाही. पोह्यांची बशी हातात घेऊन ते खळ्यात फेऱ्या मारतात. पेपर उभ्याने वाचतात, तोही अर्धाच. देवगडहून कुणकेश्वरला स्कूटरने निघाले तर रस्त्यासाठी कापलेल्या प्रत्येक दरडीपाशी थांबतात, आणि मागे बसलेल्याने उन्हात उभं राहायचं. तो मागे बसलेला बहुतेक वेळा मीच असतो. नांदगावला एका लग्नात ऐन मुहूर्तावर ते गायब झाले. शोधलं तर मांडवामागे चुलाणाशेजारच्या जमिनीत थर्मामीटर घालून बसलेले. आचाऱ्याला वाटलं, सरकारी तपासणीचा माणूस आला. त्याने भाईंना आधी वाढलं आणि वर श्रीखंडाचं भांडं बांधून दिलं. ते परत द्यायचं भाईंना सुचलं नाही.

थंडीच्या दिवसांत त्यांचा भाव वाढतो. हापूसला मोहर यायचा तर थंडी पडायला हवी, आणि आमच्याकडे थंडीतला जाणकार माणूस एकच. आम्ही कानटोप्या घालून विचारतो, "भाईनू, थंडी टिकात मा?" अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले भाई आभाळाकडे बघतसुद्धा नाहीत. "वयल्यावर जाव नको रे," असं म्हणून ते खाली बसतात. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. वरवरचं काही खरं नसतं, वीतभर खाली जाऊन बघावं, हा त्यांचा सगळ्याच बाबतीतला हिशेब.

घरात मात्र ते वीतभर खाली कधी गेले नाहीत. पाऊस संपला की भाई ध्रुवाकडच्या बोटीवर, ते आंबा उतरायच्या सुमारास परत. तोवर शालिनीवहिनी एकट्या. कलमं, गडी, सासूचं आजारपण, मुलीची शाळा, सगळं त्यांनी ओढलं. निवृत्तीनंतर तरी नवरा घरात दिसेल असं त्यांना वाटलं होतं. नवरा दिसायचा, पण दारातून जाता-येता.

मग तव्याचं झालं. मातीतली ओल काढायची तर माती तोलायची, भट्टीत सुकवायची आणि पुन्हा तोलायची. घरात भट्टी नाही. भाईंनी वहिनींचा बिडाचा तवा घेतला. माती सुकल्यावर तिच्यातला पालापाचोळ्याचा अंश किती तेही बघू म्हणून आच वाढवली आणि तवा लाल होईपर्यंत ती भाजली. तो तवा भाईंच्या आजीच्या वेळचा, पिढ्यान् पिढ्यांचं तेल मुरलेला. वहिनींचं घावन त्याच्यावरून न धरता अलगद सुटायचं.

दुसऱ्या दिवशी मला घावन खायला बोलावलं होतं. पहिलं चिकटलं. दुसरं चिकटलं. तिसरं उलथन्याने खरवडताना वहिनींना तव्याच्या कडेला तांबडी माती दिसली. त्यांनी गॅस बंद केला.

"इतकी वर्सां मी वाट बगलंय," पदराला हात पुसत त्या म्हणाल्या. "आता तुमी बगा."

संध्याकाळच्या गाडीने त्या मुलीकडे पुण्याला गेल्या. कुणकेश्वरच्या जत्रेला तरी येशील ना, असं भाई फोनवर विचारतात. वहिनी म्हणतात, "बगूया."

तेव्हापासून भाईंचं चालणं दुप्पट झालं. माझ्या बागेची माती ते सकाळी मोजतात आणि संध्याकाळी पुन्हा मोजतात. देवगडच्या बाजारातून नवा बिडाचा तवा आणला, कांदा-तेल घासून तो वळणावर आणायला बघतात आणि घावनाचे तुकडे मला आणून देतात. मी ते खातो. वहिनी आल्या नाहीत तर या माणसाचं काय होईल, या काळजीने मलाही हल्ली बसवत नाही.

परवा सकाळी मोहर बघायला बागेत गेलो. बागेच्या कोपऱ्यात राखणदाराचा पाषाण आहे. जमिनीचा धनी तो, त्याला विचारल्याशिवाय आम्ही कुदळ मारत नाही. नारळ ठेवून एकाने गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. त्या पाषाणासमोर भाई हात जोडून पुटपुटत होते. मला बघून ओशाळले.

"थंयसुदीक घालत होतंय," ते म्हणाले.

"गाराणा? ध्रुवार?"

"परक्याच्या जमनीत खोरा घालूचा, तर इचारूक नको? नारळ नेवक देयत नसत. सुक्याच सांगत होतंय."

"काय सांगत होतात?"

"ती घराकडे एकटी आसा, तिका सांबाळ. दुसरा काय मागतलंय?" भाई पाषाणाकडे बघत राहिले. "पण 'होय म्हाराजा' म्हणाक थंय कोण नाय रे. नुसतो वारो. ता खंय पोचलाच नसात."

इतकी वर्षं वहिनींना हे ठाऊक नाही, आणि हा माणूस त्यांना ते फोनवर सांगणार नाही. मी चपला काढल्या आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

"घाला, भाईनू."

"बा राखणदारा, म्हाराजा," भाईंनी सुरुवात केली. "तुज्या ह्या लेकराचा जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल."

"होय म्हाराजा," मी म्हणालो.

"जी घर सोडून गेली आसा, तिका सुखरूप माघारी हाड."

"होय म्हाराजा."

भाई थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "मोठ्यान म्हण रे. पुण्यापर्यंत पोचाक होया."