चिनी भिंतीच्या टाचण्या

"आज संध्याकाळी चिनी भिंतीत एक जरी टाचणी उरली, तर माझं नाव बदला, साहेब!" सांभाळबाई सकाळी दहाला छातीठोकपणे म्हणाल्या.

नाव तर त्यांचं आधीच बदललेलं होतं. येताजाता "सांभाळून हं, सांभाळून!" म्हणायची सवय, म्हणून जुन्या कागदांच्या त्या सरकारी कोठारात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर उरलं होतं.

आणि चिनी भिंत म्हणजे एक दिवंगत प्राध्यापक. चीनचा अर्वाचीन इतिहास आणि त्याचे परराष्ट्रांशी संबंध यांवर चाळीस वर्षं घालवलेला माणूस. देशादेशांचे संबंध त्यांना तोंडपाठ, पण शेजाऱ्याशी साधा नमस्काराचा संबंध नाही! म्हणून विद्यार्थ्यांनी हे नाव ठेवलं. सामान्य माणूस गेला की त्याचा फोटो होतो; विद्वान गेला की त्याची खोकी होतात. यांची चौदा झाली. सात वर्षं ती तळघरात पडून होती. वाचक सोडा, वाळवीनंसुद्धा तोंड लावलं नव्हतं.

"बाई, उद्या अकराला पहिला वाचक येतोय," साहेब त्याआधी म्हणाले होते. त्यांचा आवाज नेहमी तेराव्याला आल्यासारखा. "त्याला खोकं क्रमांक नऊ हवंय. त्यानं अभिप्रायात 'संग्रह उपयुक्त' असं लिहिलं तर खोकी इथे राहतील आणि तुमचं कंत्राटही. नाहीतर खोकी गावाबाहेरच्या गोदामात, आणि तुम्ही... मोकळ्या."

मोकळ्या! घरी तीन वर्षांची मुलगी, नवऱ्याची फिरतीची नोकरी, आणि ही मोकळी!  भीती वाटली की सांभाळबाई तोंडानं बढाई मारत, तशी ती मारून झाली होती.

काम तसं सोपं. नऊ नंबरात कागदांची त्रेसष्ट जुडगी. प्रत्येकाला गंजलेली टाचणी. ती काढायची, जुडगं नव्या फोल्डरात घालायचं, वर नाव लिहायचं. पण सांभाळबाईंनी डोकं चालवलं. आधी सगळ्या टाचण्या काढू, मग सगळे फोल्डर एकदम! जुडगी मिसळू नयेत म्हणून एक उभं, त्यावर एक आडवं, असा मनोरा रचला. एक वाजेपर्यंत त्रेसष्ट टाचण्या बशीत आणि मनोरा टेबलावर. अर्धे कागद चिनीत. त्यांची वरची बाजू कुठली हेसुद्धा देवच जाणे. पान क्रमांक? भिंतीनं कधी घातलेच नव्हते.

तेवढ्यात पाळणाघरातून फोन. "लगेच या! नाकात मणी गेलाय!"

सांभाळबाई चपला घालायच्या आधी रस्त्यावर होत्या. पाळणाघरात पोचून मुलीला उलटी केली, नाकात विजेरी मारली, डॉक्टरला फोन लावला. शेवटी मणी फ्रॉकच्या खिशात सापडला.

"अगं, नाकात घातला म्हणालीस ना?"

"घालणार आहे म्हटलं होतं," मुलगी शांतपणे म्हणाली.

दोन वाजता त्या परत आल्या. तळघरात फरशी चकचकीत, टेबल चकचकीत, आणि टेबलावर एकच एक सरळ, सुबक, चारी कडा जुळवलेला गठ्ठा. बाजूला सफाईवाल्या मावशी, केलेल्या कामाकडे कौतुकानं बघत.

"किती आडवेतिडवे पडले होते कागद! सरळ करून ठेवले बघा, ताई."

 सांभाळबाई मटकन स्टुलावर बसल्या. मग हळूहळू सगळं सांगितलं. मावशींचा चेहरा पडला.

"म्हणजे माझ्यामुळे तुमची नोकरी..."

"नाही हो मावशी. माझ्या हुशारीमुळे."

मावशींनी वरचा कागद उचलून उजेडात धरला. "ताई, ह्या कोपऱ्यात गंजाचा डाग आहे. खालच्यावर पण आहे, पण वेगळा. एका टाचणीचे डाग सारखेच असणार ना? मग जुळवू की! डागांचं मला सांगू नका. तीस वर्षं पुसतेय."

आणि काय सांगू, बुडत्याला काडी नव्हे, होडी मिळाली! पाच वाजेपर्यंत दोघी गंज जुळवत बसल्या. गंज कमी पडला तिथे चहा. "हे कपाचं वर्तुळ तीन पानांत उतरलंय, ही तिन्ही एकत्र." "हा चहा नव्हे ताई, खोकल्याचं औषध आहे. थंडीत लिहिलेलं दिसतंय." एक बंदरांवरचा तह खोकल्यामुळे सापडला, एक सीमावाद चहामुळे मिटला. दुसऱ्या दिवशी आठला पुन्हा सुरुवात. अकराला दहा मिनिटं कमी असताना चारच पानं उरली. दोन टंकलिखित पत्रं. दोन पहिली पानं, दोन दुसरी. कागद तोच, टंकयंत्र तेच, आणि गंजही तोच! चारही पानं एकाच टाचणीत होती.

"आता?"

"वाचून बघा ना, ताई."

पण जिन्यावर पावलं वाजली. सांभाळबाईंनी डोळे मिटले, हाताला लागलं ते पान हाताला लागलेल्या पानाखाली ठेवलं, आणि फोल्डर बंद!

वाचक साठीला टेकलेले, इस्त्रीचा पण झिजलेला शर्ट. त्यांना तह नको होते, सीमावाद नकोत. "मी सरांचा विद्यार्थी," ते ओशाळून म्हणाले. "एकदा चीनला अभ्यासाला जायची संधी होती. सरांची शिफारस लागायची. जागा काही मिळाली नाही. पुढे आयुष्य एका आडगावच्या कॉलेजात गेलं. पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. सरांनी तेव्हा काय लिहिलं होतं, तेवढंच बघायचंय."

अर्थात तेच जुडगं! सांभाळबाईंनी फोल्डर पुढे सरकवला.

पहिलं पान वाचकांनी झरझर वाचलं. नाव, गुण, हजेरी. दुसऱ्या पानाशी थांबले. मग कुणी न विचारता मोठ्यानं वाचू लागले. "'रेल्वेवरचा प्रबंध कष्टानं लिहिला आहे, पण मुलाला स्वतःचं मत नाही. कुणी पुढे चालला की हा मागे चालतो. हट्टी मात्र फार. असल्याला परदेशी पाठवून काय साधणार?'"

त्यांनी चष्मा काढला. "मी समजत होतो, वशिला कमी पडला."

सांभाळबाईंनी हळूच विचारलं, "सर, तुमचा प्रबंध रेल्वेवर होता?"

"नाही, चहाच्या व्यापारावर. पण सरांना तो रेल्वेवरचा वाटला असेल. लिहिताना माझंच काहीतरी चुकलं असणार."

आता गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? कुणालाही नाही! आणि नेमके तेव्हाच साहेब अभिप्रायाचा अर्ज घेऊन दारात उभे राहिले. पण समोर तो माणूस दुसऱ्याचं अपयश स्वतःच्या खिशात घालून निघाला होता.

"सर, ते पान तुमचं नाही!" आणि सांभाळबाईंनी टाचण्या, मनोरा, मणी, मावशी, सगळं एका श्वासात ओकून टाकलं. साहेबांचा चेहरा आता तेराव्याचा नव्हता, पहिल्या दिवसाचा होता. मावशी खांबाआड.

वाचकांच्या डोळ्यांत मात्र उजेड आला. "म्हणजे माझं खरं पान आहे?"

"आहे तर! हे बघा!" सांभाळबाईंनी विजयानं दुसरं पान पुढे केलं. वाटलं, गेली नोकरी तर गेली, एका माणसाचा जन्म तरी उजळला!

त्यांनी वाचलं. यावेळी मनातल्या मनात. मग पान सांभाळबाईंकडे वळवलं. त्यावर दोनच ओळी होत्या.

'प्रबंध चहाच्या व्यापारावर असावा, असं अर्जावरून दिसतं. विद्यार्थ्याचा चेहरा मला आठवत नाही.'

 

वाचकांनी साहेबांच्या हातून अर्ज घेतला, मान खाली घालून लिहिला, परत दिला. साहेबांनी वाचला: 'संग्रह उपयुक्त. कर्मचारी खरं बोलतात. दोन्ही इथेच ठेवावेत.' साहेबांनी सांभाळबाईंकडे बघितलं, अर्जाची घडी घातली, आणि वर निघून गेले. म्हणजे नोकरी राहिली!

वाचक दारापर्यंत जाऊन परत वळले.

"बाई, एक झेरॉक्स मिळेल?"

"हो सर, देते ना! तुमच्या पत्राची?"

"नको." ते जरा घुटमळले. "ते आधीचं पान द्या. रेल्वेवालं."

"पण सर, ते तुमचं नाहीये!"

"माहीत आहे हो," ते म्हणाले. "पण हट्टी मी आहे."