सुभेदारांची घरची बियर

पहाटे सहाच्या सुमाराला एक सहा फुटी, साठीचा, झुबकेदार मिशांचा माणूस गुडघे टेकून चिनी मातीच्या बरणीला कान लावून बसलेला मी पाहिला, आणि तोंड धुवायला निघालेला मी हातातल्या तांब्यासकट जागीच थांबलो. त्र्याण्णव सालच्या जूनची गोष्ट. सांगलीहून बदली होऊन मी उंब्रजच्या हायस्कुलात आलो होतो आणि आदल्याच संध्याकाळी या घराच्या पुढच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घरमालकाने ओठावर बोट ठेवून मला गप्प केलं, पुन्हा एकदा कान लावला आणि समाधानाने उठून म्हणाला,

"बोलतीया. काल जरा गप हुती. आज झ्याक बोलतीया."

"कोण?"

"बियर!"

हे सुभेदार आनंदराव जगदाळे. गावाला नाना. पलटणीतून निवृत्त होऊन घरी आल्यावर माणसं ऊस करतात, म्हशी पाळतात, सोसायटीची निवडणूक लढवतात. नानांनीही ऊस आणि म्हैस ठेवली होती, पण त्यांचा जीव होता बियरीत. डोंगरातल्या कुठल्याशा छावणीत एका म्हाताऱ्या खानसाम्याने त्यांना ती करायला शिकवली होती. कृती एका वहीत उतरवलेली होती आणि त्यातलं निम्मं सामान साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कुठेच मिळत नव्हतं.

"त्यात एक कडू फूल पडतंय," नाना सांगायचे. "ते काय आपल्यात न्हाई. पण मास्तर, कडूला आपल्या मुलखात काय तोटा हाय व्हय?"

म्हणून ते काडेचिराईत घालायचे. जव कराडच्या बाजारातून आणायचे, त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, जुन्या लुगड्यात बांधून त्यांना मटकीसारखे मोड आणायचे, ते पत्र्यावर वाळवून भरडायचे आणि त्यात घरचा गूळ ढकलायचे. एकंदरीत खानसाम्याची बियर आणि आमच्याकडचा तापावरचा काढा यांच्या मधोमध कुठेतरी तो पदार्थ तयार व्हायचा.

तयार होण्याआधी मात्र त्याची जाहिरात व्हायची. बरणीत माल पडून बुडबुडायला, म्हणजे नानांच्या भाषेत बोलायला, लागला की पुढचा महिनाभर नाना भेटेल त्याला थांबवायचे. एसटी स्टँडवर, दूध डेअरीत, एकदा तर मयताहून परतताना. "येत्या ऐतवारी उघडतूय. ही पिल्यावर कंपनीच्या बाटल्यात बायका रॉकेल आणत्याल, बगा." प्रत्येक खेपेला नवं नाव असायचं. कोयना क्वीन. तारळी स्ट्राँग. उंब्रज नंबर एक. माझं अक्षर बरं, म्हणून लेबलं लिहायचं काम माझ्याकडे आलं. ज्या मुलांच्या वह्या तपासायच्या त्यांच्याच वह्यांवर लावतात तसली लेबलं आणून मी त्यावर वळणदार अक्षरात 'तारळी स्ट्राँग' लिहायचो. बियर मी तोवर आयुष्यात दोनदाच घेतली होती, दोन्ही वेळा सांगलीत, दार लावून.

रविवारी पाच वाजता ओसरीवर सतरंजी पडायची. आम्ही दोघे ठरलेले परीक्षक, मी आणि गणपा पैलवान. गणपाचं हायवेवर टायरचं दुकान होतं आणि तो काहीही पचवतो असा त्याचा लौकिक होता. नाना आधी उभं राहून भाषण करायचे, मग स्टीलच्या ग्लासात ओतायचे, मग आमच्या तोंडाकडे बघत बसायचे. ते बघणं फार वाईट असायचं. गणपा डोळे मिटून एका दमात ग्लास रिकामा करायचा आणि म्हणायचा, "सुभेदार, लय पॉवर हाय." मग त्याला दुकानात गिऱ्हाईक आल्याचं आठवायचं.

"अजून एक घ्या की."

"नको, नको. भरलं प्वाट."

नाना हिरमुसायचे, पण दोनच मिनिटं. "शिविलियनला काय कळतंय?" म्हणून वही उघडायचे आणि गूळ कमी की चिराईत जास्त यावर विचार करायला लागायचे. त्यांची इच्छा एवढीच होती की कुणीतरी आपण होऊन दुसरा ग्लास मागावा. आणि हे त्यांना मुलाच्या सुट्टीच्या आत साधायचं होतं. प्रताप, एकुलता एक, सैन्यात नाईक होता आणि वर्षातून एकदा दोन महिने घरी यायचा.

प्रताप सुट्टीवर येईपर्यंत एवढ्या बियरी झाल्या, पण दुसरं भांडं मागितलं ते फक्त म्हशीने. गाळून उरलेला चोथा काकी तिला घालायच्या आणि ती घमेलं चाटून हंबरायची. "आवं, तिच्यासाठीच करत जावा की," काकी म्हणायच्या. "दूध तरी वाढलंय." काकींना धास्ती फौजदाराची. "त्यो आला तर?" यावर नानांचं उत्तर तयार होतं, "येऊंदे की. त्येलाबी एक ग्लास."

पाचगणीची स्ट्रॉबेरी घालून केलेली एक बियर गुलाबी झाली आणि तिला खोकल्याच्या औषधाची चव आली. एका उन्हाळ्यात बुचं फार घट्ट बसली. भर दुपारी माळ्यावरच्या बाटल्या एकामागून एक फुटायला लागल्या, तसे नाना "पोझिशन!" म्हणून ओरडले आणि ओसरीवर पालथे पडले. शेजारी बसलेला गणपाही पडला. काकी हातात उलथनं घेऊन मधोमध उभ्या होत्या. "उठा आता," त्या म्हणाल्या, "सारवायचं हाय मला."

दिवाळीला नानांनी एक बाटली माझ्याबरोबर सांगलीला पाठवली. आमचे वडील सोवळ्यातले नसले तरी सरळमार्गी. मी घाबरून 'आयुर्वेदिक आहे' एवढंच म्हणालो. त्यांनी एक चमचा घेतला, तोंड वाकडं केलं आणि जेवणानंतर आणखी एक मागून घेतला. पोट साफ झालं म्हणाले. मी परत येऊन ही बातमी मोठ्या उत्साहाने सांगितली. नानांनी विचार केला आणि मान हलवली. "चमचा म्हंजी काय ग्लास न्हवं, मास्तर."

मग प्रताप सुट्टीवर आला. बापासारखाच उंच, अंगाने भरलेला, बोलायला कमी. बापलेकांचं संभाषण मी रोज ऐकत होतो. "आलास?" "व्हय." "ऊस बघितलास?" "व्हय." संध्याकाळचे सहा वाजले की प्रताप भांग पाडून, फटफटी काढून हायवेच्या धाब्यावर मित्रांत बसायला जायचा. आमच्याकडे मुलगा बापासमोर दारूचं नाव काढत नाही. चाळिशीचे गडी तंबाखू मळतानाही वडील दिसले की मूठ झाकतात. प्रताप वडलांचा मान राखत होता, आणि मान राखण्यासाठी रोज घराबाहेर जात होता.

"धाब्यावर जातंय पोरगं," एकदा नाना मला म्हणाले. फटफटीचा आवाज नुकताच वळणापलीकडे गेला होता. "दोन म्हैन्यांची सुट्टी. त्यातली समदी सांज परक्यांच्यात. मी म्हनलं, घरातच चांगली झाली तर कशाला जाईल? मी काय वाघ हाय का खायाला?"

मला एकदम लाज वाटली. आम्ही ज्या ग्लासाला तोंडं वाकडी करत होतो, तो आमच्यासाठी नव्हताच.

त्या सुट्टीतली बियर नानांनी जिवापाड जपून केली. पाणी दोनदा गाळलं, गूळ नवा घेतला, चिराईत तोलूनमापून घातलं. जाहिरातही अशी झाली की उंब्रजच्या अलीकडची-पलीकडची गावं वाट बघायला लागली. "धाबं बंद पडंल, धाबं!" नाव ठेवलं 'सुट्टी स्पेशल'. रविवारी ओसरीवर पंधरा-वीस माणसं जमली. भाषण झालं. प्रताप आतल्या खोलीत होता.

ती आजवरची सगळ्यांत वाईट झाली होती. आंबट तर होतीच, शिवाय मागून कडू यायची आणि त्यानंतर आणखी काहीतरी यायचं, ज्याला मराठीत शब्द नाही. गणपासुद्धा अर्ध्यावर थांबला. कुणाला धारा काढायच्या होत्या, कुणाला पाणी पाजायचं होतं. दहा मिनिटांत सतरंजी रिकामी झाली. मी ग्लास कसाबसा संपवून माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलो. नानांनी वही उघडली नाही. शिविलियन लोकांना नावंही ठेवली नाहीत.

सहा वाजले. प्रताप भांग पाडून, किल्ली हातात घेऊन बाहेर आला. नानांनी त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "जा गड्या. तितं गारगार मिळती."

धाब्याचा उल्लेख त्या दोघांत कधी झाला नसावा. प्रताप उभाच राहिला. त्याने एकदा फटफटीकडे पाहिलं, एकदा पसरलेल्या ग्लासांकडे. मग तो ओसरीच्या पायरीवर बसला, बापाकडे पूर्ण पाठ करून, तोंड रस्त्याकडे. आणि हात मागे करून म्हणाला, "नाना, जरा बघू."

नाना गडबडले. भरलेला ग्लास त्यांनी त्या हातात दिला आणि लेकाला संकोच नको म्हणून स्वतःही भिंतीकडे तोंड फिरवून बसले. प्रतापने ग्लास तोंडाला लावला. त्याचे खांदे कानापर्यंत वर गेले आणि हळूहळू खाली आले.

भिंतीकडे बघत नानांनी विचारलं, "कशी हाय?"

"लय बेकार हाय, नाना."

नाना असे हसले की त्यांची टोपी पडली. पायरीवर पाठमोरा प्रतापही हसत होता. हसू ओसरल्यावर त्याचा हात पुन्हा खांद्यावरून मागे आला, रिकामा ग्लास घेऊन.

"वता अजून."

माझे डोळे भरून आले, आणि ते बियरीमुळे नक्की नव्हतं. नानांनी काठोकाठ ओतली. दोघे एकमेकांना पाठ करून बसले आणि बोलायला लागले. प्रताप बर्फातल्या चौकीचं काहीतरी सांगत होता, नाना "आमच्या वक्ताला तर" म्हणून मध्ये तोडत होते, आणि प्रताप "ऐका तर, नाना" म्हणत होता. इतकी वाक्यं मी त्या दोघांच्या तोंडून दोन महिन्यांत ऐकली नव्हती.

काकी जेवायला बोलवायला दारात आल्या. दोन पाठी बघून थबकल्या. मग आवाज न करता आत गेल्या आणि भाकरीचा तापलेला तवा चुलीवरून खाली उतरवून ठेवला.