रेंदाळकर मास्तरांचं हाड

कलावती मगदूमच्या मणक्यात बसवायचं हाड ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला भेटायला आलं. मिरजेच्या त्या इस्पितळात तशी पद्धतच होती. नर्सने स्टीलचं वाडगं स्टुलावर ठेवलं आणि पंखा बंद केला, कारण हाडाचा आवाज बारीक असतो.

कलावती एसटीत कंडक्टर. जंतूंनी तिच्या कमरेचा मणका पोखरला होता आणि कित्येक आठवडे ती आडवीच होती.

"मी विष्णुपंत रेंदाळकरांच्या खुब्यातलं," हाड म्हणालं. "ड्रॉइंगचे मास्तर. त्यांना धातूचा गोळा बसवला, तेव्हा त्यांनी मला दान केलं. इथलं काम काय?"

"धावत्या गाडीत उभं राहायचं."

हाड विचारात पडलं. "जमेल. अंगात औषध मुरवलंय, जंतूंचं माझं मी बघेन. पण आधीच सांगितलेलं बरं. पुढे तुमचं हाड माझ्यात वाढत जाईल आणि मी उरणार नाही."

आपण उठून बसायचं एवढंच कलावतीने देवाकडे मागितलं होतं. त्यापायी कुणी जाणार, हे तिच्या मनातही नव्हतं.

"मग नको," ती म्हणाली.

"अहो, वाडग्यात राहून तरी मी काय करणार? फक्त शेवटी मास्तरांना कळवा. फोनवर नको, स्वतः जा."

ऑपरेशन झालं, ताप उतरला. ती पुन्हा गाडीवर जाऊ लागली. वळण आलं की हाड म्हणायचं, "दांडा धरा." पुढे आवाज क्षीण होत गेला. जतच्या गाडीत एकदा ती वळणावर कान देऊन थांबली, पण काहीच ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "आता सगळं तुमचंच," ते म्हणाले.

ती तशीच मास्तरांकडे गेली. ते ओट्यावर बसले होते. तिने कमरेवर हात ठेवून आपलं नाव सांगितलं.

"गेलं?" त्यांनी विचारलं.

"गेलं."

"त्रास झाला?"

"नाही. शेवटी शेवटी झोपूनच असायचं."

मास्तरांनी खुब्यावरून हात फिरवला. "सुतक कुणाला? मला की तुम्हाला?"

दोघांनी खूप विचार केला. मग मास्तरांनी आत हाक दिली, "अगं, आज देवपूजा राहू दे. आणि हिचं पान वाढ, घरचीच आहे."