आधी नमुना, मग माल

राजधानीतल्या द्वारकेत पानिपतच्या चादरी विकून मी एकच शास्त्र शिकलो (कॉलेज राहिलं, गिऱ्हाइकांनी शिकवलं): आधी नमुना दाखवा, माल आपोआप खपतो. "रंग जाएगा क्या?" विचारलं, की मी तिथेच चादर बादलीत बुडवतो.

तोच प्रयोग नातीवर केला. मैत्रेयी पाच वर्षांची. शाळेला सोमवारपर्यंत लसीचं पुरं कार्ड हवं होतं आणि ती पलंगाखालून बाहेर येईना.

"जी सुई तुला, ती आधी मला. आजोबांचा शब्द!"

ती ताबडतोब बाहेर!

"अहो, गोधडीला दोरा घातला तरी तुम्ही उठून गॅलरीत जाता," आमच्या चंद्रप्रभाबाई पुटपुटल्या.

"अगं, आपल्या विनयचं लहानपणीचं जुनं कार्ड पाहिलंय मी. यादी सोळाव्या वर्षी संपते. मोठ्यांना लसच नाही!" (गोदामात नसलेल्या मालाची ऑर्डर मी अशीच बेधडक घेतो.)

आम्ही तिघं (आणि पुरावा म्हणून ते कार्ड) दवाखान्यात शिरताच मी बाही वर केली. "डॉक्टर साहब, पहले मुझे!" बसलेल्या सगळ्या आया कौतुकाने बघू लागल्या.

डॉक्टर रुचिरा खूश. "काका, बरं झालं आलात. यादी बदलली ना!"

भिंतीवर नवा कोरा तक्ता. लहानांचे रकाने संपले, तिथे सभ्यपणे थांबायचं सोडून तो खाली उतरतच गेला होता. एकोणीस, पन्नास... साठ! माझं वय, छापील अक्षरांत!

"म्हाताऱ्यांनासुद्धा?"

"बिल्कुल. धनुर्वात, घटसर्प, दर दहा वर्षांनी. तुम्हाला शेवटचं कधी टोचलं होतं?"

"बारशाला. पण ते कान."

"अरे देवा! मग पहिल्यापासून. तीन डोस."

"अंकलजी, मुट्ठी ढीली छोड़िए," नर्स लताजी म्हणाल्या. मुठीत त्यांचीच ओढणी होती. पळावं म्हटलं, तर दाराशी मैत्रेयी उभी. नमुना नीट बघायला.

पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी बाकावर आडवा, आणि चंद्रप्रभा विनयच्या त्याच जुन्या कार्डाने मला वारा घालत होती.

"मैत्रेयीचं?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"झालंसुद्धा! तुम्ही कसे पडलात ते बघण्यात तिला सुई कळलीच नाही."

कार्ड पुरं झालं, शाळेत गेलं. माझं मात्र नवं कार्ड निघालंय, कव्हरवर बदकाचं चित्र. मोठ्यांची कव्हरं म्हणे अजून छापून आली नाहीत. पुढची तारीख महिन्याभराने. काल मी पलंगावर बसून पोटात दुखण्याची तयारी करत होतो, तेवढ्यात मैत्रेयीने पाठीवर हात ठेवला.

"घाबरू नका हं आजोबा. मी आधी टोचून दाखवलं असतं, पण माझी यादी पुढची पाच वर्षं बंद आहे."