मौजे पट, गट नंबर बेचाळीस

आमचे व्यंकटआप्पा बुद्धिबळाच्या डावाचा पंचनामा करतात. गंमत म्हणून नव्हे हं. लांब कागद, डावीकडं समास, वर तारीख नि वेळ, खाली दोन पंचांच्या सह्या. त्यातली एक सही माझी. मला बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी आठ महिने मी सही करत आले.

आप्पा तलाठी होते. उभी नोकरी नायगाव नि धर्माबादकडच्या गावांमध्ये काढली. रिटायर झाल्यावर नांदेडात घर बांधलं. त्या घराच्या खालच्या गाळ्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकानासमोर ओटा, नि ओट्यावर आप्पांचा पट.

पटाला ते पट म्हणत नाहीत. 'मौजे पट' म्हणतात. त्यात चौसष्ट गट. गावच्या नकाशासारखेच वायव्येच्या कोपऱ्यातून नंबर टाकलेले, एक ते चौसष्ट. उत्तरेस काळ्याची वस्ती, दक्षिणेस पांढऱ्याची. प्यादं मधली रेघ ओलांडून गेलं की ते अतिक्रमण. चालींचा एखादा रस्ता तपासायचा असला की ती वहिवाट. त्यांचा पंचनामा मला आता पाठ झालाय: 'आम्ही खालील सही करणार पंच बोलावल्यावरून मौजे पट येथे हजर राहिलो असता, गट नंबर ४२ मध्ये काळे प्यादे नग एक, उभे, तब्येतीने धडधाकट दिसून आले. लगतच्या गटात हरकत घेणारा कोणीही आढळला नाही.'

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव लिहिलं, धंदा शिवणकाम लिहिलं, नि वय लिहिलं चोपन्न.

"आप्पा, मी एकोणपन्नासची आहे," मी म्हटलं.

"आधार कार्ड जागेवर हजर करा."

मी तणतणत जाऊन आणलं. त्यावर बावन्न निघालं. मग आप्पांनी बावन्न लिहिलं नि मी सही केली.

दुसरे पंच समोरचे इस्त्रीवाले रशीदभाई. त्यांची सही उर्दूत. आप्पांना ती माझ्या सहीपेक्षा जास्त आवडते. "निजामाच्या वेळचे कागद उर्दूतच होते. आजबी कोर्टात टिकतेत," म्हणतात. रशीदभाई मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतात. बिचारे सही करतात नि हळूच विचारतात, "बाजी, जीता कौन?"

तर हा डाव. जगातल्या पहिल्या पाचदहात मोडणारे दोन खेळाडू. एक आपल्याकडचा पोरगा, मिसरूड फुटलेलं. दुसरा कुठल्यातरी थंड देशातला. पेपरात सगळ्या चाली छापून आल्या होत्या. पोरगा पांढऱ्यानं खेळत होता. एकेचाळिसाव्या चालीला त्यानं डाव सोडला, हात मिळवला नि उठून गेला. मात झाली नव्हती, शहसुद्धा नव्हता. पांढऱ्याकडं हत्ती होता, उंट होता. काळ्याकडं हत्ती, घोडा नि बेचाळीस नंबरमधलं ते प्यादं. ते दोन घरं चाललं की अठ्ठावन्नमध्ये वजीर होणार.

पेपरवाल्यानं खाली लिहिलं होतं, डाव फार गुंतागुंतीचा होता. आप्पांनी ते कात्रण कापलं नि मला दाखवलं.

"सुनंदाबाई, हत्ती हाय, उंट हाय, राजा जित्ता हाय. आन् पोरगं उठून गेलं. कामून?"

"हरलं असंल."

"कोण म्हणलं? जागेवर जाऊन पाहिलं का कुणी?"

हा त्यांचा ठेवणीतला प्रश्न. दुधवाला म्हणाला पूल बंद आहे, तरी तेच, "जागेवर जाऊन पाहिलं का?" नोकरीत असताना गारपीट झाली की सरपंच म्हणायचे, आप्पा, उन्हाचं कुठं फिरता, चहा घ्या, इथंच बसून लिहा. आप्पा चहा घ्यायचे नि निघायचे. बांधाबांधानं हिंडून, डोळ्यानं पाहिलं तेवढंच लिहायचे. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही.

मी एकदा म्हटलं, मोबाइलात टाकलं की एका मिनिटात उत्तर मिळतं म्हणे.

"मोबाइल गेला होता का जागेवर?" झालं. तो विषय संपला.

मग सुरू झाल्या वहिवाटी. पहिलीत उंट देऊन ते प्यादं उचलायचं. पण पलीकडच्या बाजूला काळ्याचं आणखी एक प्यादं होतं, ते सुटायचं. दुसरीत हत्तीनं शह देत राहायचं. तिसऱ्या शहाला घोडा आडवा यायचा. दुपारी चारला आप्पा खाली यायचे, सोंगट्या मांडायचे, नि दोघा पंचांना हाक मारायचे. मशीनवर ब्लाउज तसंच टाकून मी उठायची. गिऱ्हाइकं वैतागायची. पण खोटं कशाला बोलू, मलाही गोडी लागली. उंट उरेबात, तिरकं कापड कापतो तसा, चालतो, हत्ती सरळ उभ्या आडव्या धाग्यानं, एवढं समजलं की पुढचं काही अवघड नाही. घोडा मात्र मेला कुठून कुठं उडी मारेल, नेम नाही.

एक गोष्ट मला कळायची नाही. वहिवाट बंद निघाली, म्हणजे पोरगा हरतोच असं दिसलं, की आप्पा खुशीत यायचे. कोपऱ्यावरून भजी मागवायचे, रशीदभाईंना आग्रह करकरून खाऊ घालायचे. नि एखादी वाट जरा मोकळी दिसली की तोंड उतरायचं, जेवायचेसुद्धा नाहीत धड. पोराला वाचवायला निघालाय नि पोरगा बुडाला की भजी खातोय! उलट्या खोपडीचा माणूस, असं मी म्हणायची.

हे सगळं काकू गेल्यानंतरचं. काकू म्हणजे आप्पांची बायको. वीस दिवस दवाखान्यात होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून एक ऑपरेशन करून बघता येईल, खात्री देत नाही. काकू म्हणाल्या, पुरे आता, मला घरी न्या. आप्पांनी कागदावर सही केली नि घरी आणलं. चौथ्या दिवशी त्या गेल्या. मुलगा पुण्याला असतो, तो दिवसपाणी करून परत गेला. त्यानंतर महिन्याभरानं हे कात्रण निघालं. आठ महिन्यांत आप्पांनी माझ्यासमोर काकूंचं नाव एकदाही काढलं नाही. मीही कधी काढलं नाही.

अकरा वहिवाटी बंद झाल्या. बारावीवर गाडी अडली. त्यात पांढरा उंट मागं येऊन कोपऱ्याशेजारच्या घरात बसायचा नि तिथून अठ्ठावन्न नंबरवर नजर ठेवायचा. प्यादं वजीर झालं की उंट त्याला खाणार. महिनाभर आप्पा तेच मांडत होते नि भज्यांचं नाव काढत नव्हते.

त्या मंगळवारी रेल्वेत नोकरीला असलेल्या एक मॅडम फिटिंगला आल्या. त्या स्पर्धांमध्ये खेळतात. ओट्यावरचा पट बघून थांबल्या. मी बारावी वहिवाट सांगितली. त्यांनी मोबाइलात घातली, माझ्यासमोर दोनचार चाली करून दाखवल्या.

"मावशी, काळाच जिंकतो. कुठूनही जा. लांबवता येतं, वाचवता येत नाही."

चारला आप्पा खाली आले. पट मांडला नाही, मांडलेलाच होता. कागद लिहूनच आणला होता. रशीदभाईंनी सही केली. माझ्याकडं कागद आला. शेवटची ओळ होती: 'सबब, बाराव्या वहिवाटीने डाव बरोबरीत सुटतो व पांढऱ्याने विनाकारण डाव सोडला, असे दिसून येते.'

आठ महिन्यांचं काम फळाला आलं म्हणायचं की! पण आप्पांचा चेहरा पांढराफटक.

"करा सही," म्हणाले.

मी पेन घेतलं नि ठेवलं. मनात आलं, करून टाकावी सही. म्हातारा आहे, एकटा आहे, आपल्या बापाचं काय जातंय? पण आठ महिने ह्याच माणसानं माझ्या कानीकपाळी ओरडलंय, पाहिलं तेवढंच लिहायचं.

"आप्पा, मी न्हाई करणार."

"पंच फुटला म्हणा की!"

"फुटला तर फुटला. तिसऱ्या चालीला काळा घोडा पुढं कामून नेता? मागं घ्या."

"मागं? जिंकणारा मागं कामून येईल?"

"तुम्ही घ्या तर खरं."

त्यांनी घेतला नाही. मग मीच घेतला. घोडा मागं आला नि त्याची नजर नेमकी उंटाच्या घरावर पडली. उंट हलला तर अठ्ठावन्न मोकळं, बसला तर घोडा त्याला खाणार. रशीदभाई न कळताही "या अल्ला" म्हणाले.

आप्पा वाकले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पाऊण तास सोंगट्या हलवत होते. इकडून गेले, तिकडून गेले. दोन गिऱ्हाइकं येऊन परत गेली, मी उठले नाही.

"वाट न्हाई," शेवटी ते म्हणाले.

"न्हाई आप्पा."

"म्हंजे पोरानं सोडला ते बरोबरच केलं."

"बरोबरच केलं. त्याला दिसलं होतं."

आप्पा भिंतीला टेकले. एवढा मोठा श्वास सोडला की मला वाटलं चक्कर येते की काय. मी पाणी आणलं. ते त्यांनी हातातच धरलं.

"आमचा पोरगा पुण्याहून फोनवर म्हणला होता, आप्पा, अजून एक ऑपरेशन करायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "दवाखान्यात सही मी केली ना बाई. ती म्हणली पुरे, आन् मी केली. रोज वाटायचं, एक तरी वाट असंल, मी पाहिलीच न्हाई. आज ही बारावी मोकळी निघाली, तर हे लिहायला पेन उचलवंना मला."

माझ्या डोळ्याला पाणी आलं. मेली मी! आठ महिने ह्या माणसाला उलट्या खोपडीचा म्हणत होते.

"आप्पा," मी म्हटलं, "डावाचं जाऊद्या. काकूंचं मी सांगते. तुम्ही औषधं आणायला गेल्ता, तवा मी वर काकूंजवळ होते."

त्यांनी मान वर केली.

"जागेवर होते. माझ्या डोळ्यानं पाहिलंय, कानानं ऐकलंय. घेता लिहून?"

त्यांनी नवा कागद घेतला. समाससुद्धा सोडला नाही, तसंच लिहायला लागले. मी सांगत गेले. काकूंनी उशीला टेकून बसायचं म्हणून मला हात मागितला. खिडकी उघडायला लावली. ज्वारीच्या कण्या ताकात कालवून दिल्या, त्या चार चमचे खाल्ल्या. नि म्हणाल्या, "घरी आले, लई बरं झालं गं सुनंदा. ह्यांनी ऐकलं माझं. आयुष्यात एकदा तरी वाद न घालता ऐकलं."

"अशीच म्हणली?"

"अश्शीच. नि हसल्या."

"वार कोणता?"

"गुरुवार."

आप्पांनी गुरुवार लिहिलं. मग पेन हातातून सुटलं नि ते रडायला लागले, चांगले मोठ्यानं, रस्त्यावरचं कोण बघतंय ह्याची पर्वा न करता. रशीदभाई येऊन त्यांच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवून. मीही बसले. मशीनवर कुणाचा तरी लग्नाचा ब्लाउज होता, तो तसाच राहिला.

बऱ्याच वेळानं आप्पांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"अजून काय म्हणली ती?" त्यांनी विचारलं.